हळू बोला

आमच्या घरात चार माग होते. त्यांच्या खडखडाटात पाणी मागायचं तरी ओरडावं लागे. शाळेतही माझा आवाज तसाच. "हा काय कारखाना आहे का?" म्हणून बाई गप्प करायच्या, मुली हसायच्या. वडिलांचे कान तर मागांनी पार गेले होते. चारचौघांत ते बोलायला लागले की मला लाज वाटायची. "हळू बोला ना," मी त्यांच्यावर चिडायची.

नववीत मराठीच्या सरांनी नाटकाचा तास सुरू केला. पहिल्याच दिवशी ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. "किंचाळायचं नाही, पण मला ऐकू आलं पाहिजे," म्हणाले. छान छान वाचणाऱ्या मुलींचे आवाज अर्ध्या वाटेतच विरले. मी मात्र माग चालू असताना आई बोलायची तशी बोलले, पोटातून, एकेक शब्द सुटा करून. सरांनी लांबूनच हात वर केला. "हिच्याकडून शिका!"

स्नेहसंमेलनात राणी मीच झाले. ऐन माझ्या प्रवेशात माईक बंद पडला. मी थांबले नाही, आणि सभागृहात कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. वडील शेवटच्या रांगेत बसले होते. घरी निघताना भर रस्त्यात मी त्यांना विचारलं, "ऐकू आलं का?"

"सगळं ऐकू आलं की!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की जाणारी-येणारी माणसं वळून बघायला लागली.

त्या दिवशी मी त्यांना हळू बोला म्हणाले नाही.