पालथा पडलेला चॅम्पियन

माझे आजोबा बॉक्सिंगमध्ये सपशेल हरले होते.

हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितेय. त्यांना तसंच हवं होतं.

आज आबांचा स्मृतिदिन. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येतायत, "अपराजित योद्ध्याला वंदन."

अहो, अपराजित काय? जरा थांबा.

दानियल साळवे. राहणार सोनई. चाळीसच्या दशकात, लढाई चालू असताना, आबा नगरच्या कॅम्पात मिलिटरीचा ट्रक चालवायचे. त्यांचे खांदे बघून एका गोऱ्या सार्जंटने त्यांना ग्लोव्हज घालायला लावले. बघता बघता आबा कॅम्पाचे हेवीवेट चॅम्पियन झाले.

गावाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गावाला कुस्ती कळायची.

आणि कुस्तीत हिशोब सोपा. पाठ मातीला लागली, गडी चीत झाला, की हरला. पालथा पडला तर कुस्ती चालूच.

मग ती शेवटची फाइट आली. आबांना टायटल राखायचं होतं. समोर नवीन आलेला लाल केसांचा गोरा. गावातले लोक मोटारीच्या टपावर बसून नगरला गेले होते. सगळ्यात पुढे आबांचा जिगरी दोस्त, गेनू पैलवान.

गोऱ्याने हनुवटीखाली एक ठेवून दिला.

आबा तोंडावर आपटले. पालथे. रेफ्री दहा आकडे मोजून मोकळा झाला तरी हलले नाहीत.

आणि गेनूबाबा दोऱ्यांमधून रिंगमध्ये घुसले! आबांच्या पाठीवरून हात फिरवला, तळवा सगळ्यांना दाखवला आणि ओरडले, "पाठ कोरी हाय! आपला गडी चीत न्हाई!"

तिकडे रेफ्री गोऱ्याचा हात वर करतोय, इकडे आमच्या लोकांनी बेशुद्ध आबांना खांद्यावर घेतलंय. गोऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यांना वाटलं, काय दिलदार लोक आहेत, हरलेल्यालाही मिरवतात.

आबा शुद्धीवर आले ते गावात. अंगावर गुलाल, कानाशी हलगी.

"मला वाटलं, मीच जिंकलो," आबा सांगायचे. "जबडा हलंना, तवा आठवलं."

पुढे जन्मभर पिठाच्या गिरणीपुढे डबे ठेवून हीच चर्चा. आजवरच्या मोठमोठ्या गड्यांत दानियलचा नंबर कितवा? शेवगावचा अमका चीत झालेला. पुणतांब्याचा तमका तर दोनदा. दानियल एकदाही नाही. म्हणून एक नंबर. झालं रँकिंग!

आबा स्वतःचं दळण घेऊन तिथेच उभे असायचे.

"आरं, मी हरलोय."

"तू गप रं. तुला काय ठावं? तू तर बेशुद्ध हुतास!"

आमच्याकडे यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. कधीच चीत न झालेल्या जुन्या पैलवानाला तिथे फेटा बांधायची पद्धत. दर यात्रेला गेनूबाबा आबांचं नाव पुकारायचे, आणि आबा उठून तडक घरी यायचे.

मला वैताग यायचा. एकदा म्हटलं, "आबा, घ्या की तो फेटा. तुमचं काय जातंय?"



आबा म्हणाले, "त्यो गोरा लई भारी हुता गं. त्याला मी खोटा पाडू व्हय? आन् यांनी माझी हार मोजली न्हाई, तर मी जिंकलेल्या फाइटी तरी कुनी मोजल्या? बॉक्सिंग माझी हुती. यांनी तिची कुस्ती करून टाकली."

डोळे भरून आले होते त्यांचे. मला फार वाईट वाटलं.

तशीच गेले गेनूबाबांकडे, भांडायला. "बाबा, एकदा म्हणा ना हरला म्हणून. त्यांना तेवढंच हवंय."

गेनूबाबांनी दोन्ही कान धरले.

"पोरी, पाठ लागल्याबिगर गड्याला हरला म्हननं आमच्यात पाप हाय. जीभ झडंल माझी. दुसरं काय बी माग."

दोघंही एक नंबरचे हट्टी. रोजचा चहा मात्र एकत्र.

आबा गेले. चर्चच्या आवारात शवपेटी उघडी ठेवली होती. प्रार्थना सुरू होणार, एवढ्यात काठी टेकत गेनूबाबा आले. काखेत कापडी पिशवी.

वाकून त्यांनी आबांच्या पाठीखाली हात सरकवला. तसाच राहू दिला थोडा वेळ.

"पाठ लागली रं, दान्या. आता बोलतो."

मग सरळ उभे राहिले आणि हगाम्यात पुकारतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"सोनईचा दानियल साळवे! बॉक्सिंगचा चॅम्पियन! शेवटच्या खेळात गोऱ्याकडनं हरला! समद्यांसमोर हरला! हरला तरी आमचा एक नंबरचा गडी!"

पाळकसाहेबांनी उघडलेलं बायबल मिटलं.

गेनूबाबांनी पिशवीतून फेटा काढला. एकट्याला बांधता येईना. दुसरं टोक मी धरलं.

तेव्हा प्लीज, कमेंटमध्ये "अपराजित" लिहू नका.

आबा, तुम्ही हरला होतात. गावाने मान्य केलंय.

फेटा छान दिसत होता.

सलाम, आबा.