दसरा ते कोजागिरी, मासा शून्य

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरात दरवर्षी नव्या उमेदीनं फसणारा एक बेत असला की झालं! बाकीचं आपोआप साचत जातं. सासरी येऊन मला वर्षही झालं नाही, पण माझ्याकडचा साठा बघाल तर वाटेल, सून सात वर्षं जुनी आहे. त्यात मी फार बोलत नाही. न बोलणाऱ्या सुनेसमोर लोक सगळं बोलतात.

तर बेत असा. कळमनुरीच्या शाळेतले तीन सोबती, तिघंही साठी ओलांडलेले. एक माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. तहसीलमधून क्लार्क म्हणून रिटायर झाले. दुसरे गुरुजी, देवळाचे पुजारी, चातुर्मासात कांद्याचा वासही न घेणारे. तिसरे कुरुंद्याचे दिगंबरकाका, हळदीचे शेतकरी. तिघांत मासे खाणारे हे एकटेच.

या तिघांनी एकदा मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कोकणातली खाडी, शरदातलं ऊन, आणि एक माणूस गळानं लालबुंद मासा बाहेर काढतोय. तांब म्हणतात त्याला. पावसाळा सरून खाडीचं पाणी निवळलं की कोळंबी आणि बारीक मासळी ओहोटीबरोबर समुद्राकडं निघते, आणि खाडीच्या तोंडाशी तांब त्यांची वाट अडवून बसते. एवढं ऐकून आमच्या मंडळींनी बॅगा भरल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला तिघं कोकणात जातात. गाडी चालवायला माझा नवरा. कोकणातल्या त्या गावाचं नाव सांगत नाही, त्यांची आमच्यामुळं आधीच खूप करमणूक झालीय.

सात वर्षं. मासे शून्य!

*

यंदा मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. श्रावणात दिगंबरकाकांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. उजवा गेलाच होता, डावा जायच्या वाटेवर. डॉक्टर म्हणाले, इलाज करू, पण जे बघायचं ते बघून घ्या.

परत येताना गाडीत मामांनी विचारलं, "दिगंबरा, काय बघायचं तुला? तिरुपती? पुण्याची नात?"

काका म्हणाले, "तांब. माझ्या हातानं काढलेली. लाल असते म्हनतेत, ती बघायची."

मागच्या सीटवर त्यांची बायको, आमच्या काकू, बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् मी?"

"तुला काय बघायचं? तू तर पाठच हायेस!"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "अशी तारीफ लग्नाच्या पस्तीस वर्षांत न्हाई केली बघ त्यांनी."

*

पहिल्या वर्षीचा किस्सा मला लग्नाच्या मांडवातच तिघांनी वेगवेगळा सांगितला. काकांना कुणीतरी सांगितलेलं, गळाला गांडूळ लावतात. काकांनी हळदीच्या वावरातली मातब्बर गांडुळं निवडली, ओल्या मातीसकट मडक्यात भरली, मडकं मांडीवर घेऊन कुरुंद्यापासून समुद्रापर्यंत बसून गेले. घाटात स्वतः उलटी केली, पण मडकं हलू दिलं नाही!

तिकडं हरीभाऊ नावाचे म्हातारे कोळी आहेत. आमची मंडळी त्यांच्याच पडवीत उतरतात. हरीभाऊंनी मडक्यात डोकावून बघितलं. "हे काय?"

"चारा हाय. लोकल न्हाई, आमच्याकडचा!"

"अहो, खारं पाणी लागलं की गेलीच ही. इथं जिवंत कोळंबी लावतात. शेपटाकडून गळ घालायचा, जड शिसं लावायचं नाही, पाण्याबरोबर वाहू द्यायची."

काकांनी मडकं उचललं. मग हरीभाऊंच्या परसातल्या नारळाखाली सगळी गांडुळं सोडली. आता म्हणे त्या एकाच झाडाला दुप्पट नारळ लागतात. सात वर्षांत आमच्या मंडळींनी कोकणाला काही दिलं असेल, तर एवढंच!

*

गळ फेकायची प्रॅक्टिस आमच्या गच्चीवर चालते. यंदा भाद्रपदात मी उन्हाळ्यातल्या कुरडयांना ऊन दाखवायला चाळण घेऊन वर गेले, तर मामा रॉड खांद्यामागं नेऊन उभे. "सूनबाई, बाजूला हो, लांबचा टाकून राहिलो!"

टाकला. रीळ सर्र करून सुटलं. गळ शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीत अडकला. मामांना वाटलं, ताण आला म्हणजे ओढायचं. त्यांनी ओढलं! साडी दोरीवरून सुटली आणि फडफडत आमच्याकडं यायला लागली. मागून शेजारच्या काकू धावत आल्या. "अहो भाऊजी, काहून लुगडं ओढून राहिले माझं?"

मामा रॉड सोडायला तयार नाहीत. "थांबा वहिनी, ढिली सोडली तर निसटंल!"

खाली आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताटात भाकरी टाकली आणि एवढंच म्हणाल्या, "सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लागलं गळाला, तेही शेजारणीचं!"

*

एकदा या लोकांनी फोटो पाठवला होता. सगळे नातेवाईक विचारतात, मासा कुठंय, मासा कुठंय. तर माझ्या नवऱ्यानं तिथल्या बाजारातून एक मोठी सुरमई विकत आणली आणि काकांच्या हातात देऊन फोटो काढला. मागं समुद्र, काका छाती काढून उभे. ग्रुपवर टाकल्याबरोबर अंगठ्यांचा पाऊस!

संध्याकाळी हिंगोलीहून मामांच्या मेहुण्याचा मेसेज आला: "अभिनंदन. पण कोकणात मासे पोट साफ करूनच पोहतात का?"

यावर सगळे हसले, काका नाही. त्या दिवसापासून ते विकतच्या माशाला हात लावत नाहीत. आमच्याकडं आले की मला सांगायचे, "पोरी, खोट्या माशाचा फोटो निघते गं, पन तो हातात हलत न्हाई."

डोळ्यांचं कळल्यावर हे वाक्य पुन्हा ऐकवेना.

*

आता माझा एकुलता एक पराक्रम.

मामांनी सातही वर्षांची नोंद ठेवलीय, ऑफिसातल्यासारखी रकाने आखून. तिथी, पाणी, वारा, चारा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सातही वेळा एकच शब्द, निरंक! खाली सही.

मला वही पुसून ठेवायला दिली होती, मी वाचत बसले. दर वर्षी तेच. दसऱ्याचं सोनं वाटून निघायचं, कारण दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही. एकादशीला पोचायचं. त्या दिवशी गुरुजी गळाला हात लावू देत नाहीत, "आज जीवहत्या न्हाई!" समुद्र समोर, चौघं शेंगदाणे खात बसून. द्वादशीला एक दिवस मासेमारी. त्रयोदशीला पहाटे परत, कारण कोजागिरीला गुरुजींना देवळात दूध आटवायचं असतं. चाळीस वर्षांत त्यांची एकही कोजागिरी चुकलेली नाही.

मी नवऱ्याच्या फोनवरून हरीभाऊंना विचारलं, मासा नेमका कधी लागतो?

ते म्हणाले, "पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला. उधाणाची भरती चढते, मग ओहोटीला पाणी पळतं. पाणी पळालं की कोळंबी वाहते, कोळंबी वाहिली की तांब येते. अष्टमीपासून एकादशीपर्यंत भांगाचं पाणी. नुसतं पडलेलं असतं, त्यात कोण येतंय? द्वादशीलाही जेमतेम हलतं."

"आणि आमची माणसं परत निघतात तेव्हा?"

"तेव्हापासून तर पाणी धरतं! तुमची गाडी वळणाआड गेली की आम्ही गळ टाकतो."

"मग सात वर्षं सांगितलं का नाही?"

हरीभाऊ म्हणाले, "मला वाटलं, ते हवा खायला येतात."

*

हे घरात सांगायचं कसं? चहाच्या वेळी तिघं ओसरीवर होते. कप ठेवता ठेवता मी म्हणाले, "मामा, पौर्णिमेला थांबलात तर मासा लागेल."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर मी आपणहून बोललेलं ते बहुतेक पहिलंच वाक्य. मग मी वही उघडून भरती-ओहोटी सांगितली. सात वर्षांची निरंक वही मध्ये उघडी पडलेली.

काकाच म्हणाले, "जाऊ द्या. कोजागिरीला गुरुजी कसा येईल? देवाचं काम हाय. यंदाबी जसं जातो तसं जाऊ."

"एकादशीला पोचून काय करशील?" मामा म्हणाले.

"शेंगदाने खाईन."

गुरुजींनी चहा संपवला. कप बशीत पालथा घातला. उठताना म्हणाले, "पुतण्याला येते दूध आटवता."

झालं, एवढंच. मी आत गेले तर आत्याबाई माझ्याकडं रोखून बघत होत्या. "सहा महिने मुक्यावानी राहिली, अन् बोलली तर देवाची कोजागिरी हलवली! आता जा तूच संग. दशम्या बांध!"

अशी मी पहिल्यांदा समुद्र बघायला गेले.

*

दसऱ्यापर्यंत काकांचा डावा डोळाही जवळजवळ मिटला होता. कळमनुरीतून निघताना ते वाटेतल्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होते. अर्ध्या वाटेत प्रयत्न बंद झाला. मग नुसतं विचारायचे, "उजेड हाय ना अजून?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा दुपारचे दोनच वाजले होते.

कोकणात पोचलो तर तीन दिवस अवकाळी पाऊस पडून गेलेला. निवळलेली खाडी पुन्हा दुधाच्या चहासारखी. हरीभाऊंनी पाणी ओंजळीत घेऊन सोडून दिलं. "यंदा कठीण आहे. असल्या गढुळात तांब आंधळी होते—" आणि त्यांनी जीभ चावली.

"मंग बराबर हाय," काका म्हणाले, "जोडी जमली आमची."

आम्ही थांबलो. एकादशी गेली, द्वादशी गेली, त्रयोदशीला गाडी पहिल्यांदाच वळणाआड गेली नाही. पाणी काही निवळेना. चतुर्दशीला मामांनी वहीत आधीच तारीख टाकून ठेवली, शेऱ्याची जागा रिकामी ठेवून.

पौर्णिमेला दुपारी बाराला भरती पूर्ण चढली. चारला ओहोटीचं पाणी असं पळायला लागलं की जेट्टीचे खांब खळाळत होते. हरीभाऊंनी कोळंबी लावून दोर काकांच्या बोटावर दिला. "डोळ्यांचं काम नाही इथं. बोटानं ऐका."

काका बसून राहिले. तास गेला. सूर्य त्यांच्या तोंडावर येत होता, पण ते मान वळवत नव्हते.

आणि बोट हललं! काकांनी झटका दिला, दोर ताणला, आणि ओरडले, "हाय! हाय रे! वढून राहिला मला!" मामांनी त्यांची कंबर धरली, माझ्या नवऱ्यानं मामांची. काका एका हातामागून दुसऱ्या हातानं दोर ओढत होते, बोटातून रक्त येत होतं, पण कुणाला हात लावू देत नव्हते. शेवटी हरीभाऊंनी वाकून मासा जेट्टीवर घेतला.

शिंगाळा होता तो. राखाडी, चपट्या डोक्याचा, बुळबुळीत. बाजारात ढिगानं मिळणारा. गढूळ पाण्यात हमखास येणारा. हरीभाऊंनी पहिल्यांदा पकडीनं त्याचे विषारी काटे मोडले, मग काकांच्या हातात दिला. तो हलत होता.

काकांचं तोंड असं फुललं होतं की बघवेना. "बोला ना कुनी! लाल हाय का? तांबच हाय ना?"

मामा समुद्राकडं बघायला लागले. माझा नवरा चपलांकडं.

एकादशीला गळाला हात न लावू देणारे, तिथीत घटकेचीही चूक न खपवणारे गुरुजी पुढं आले. काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तांब हाय, दिगंबरा. लालबुंद."

काकांनी मासा दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग शेपटीकडून हळूहळू बोटं फिरवायला लागले. पाठीवरून, पोटाखालून, डोक्यापर्यंत आले. तोंडापाशी बोटं थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा तोंडापाशी आली.

"गुरुजी," काका म्हणाले, "तांबीला मिशा असतेत व्हय?"

गुरुजींनी डोळे मिटले, आणि पंचांग सांगताना लागतो त्या आवाजात म्हणाले,

"शरदात येतात."