टिक आधीच मारलेली होती

मुलीला मदत करायला गेलो आणि तिचं एम.एस्सी. जवळपास बुडवलं.

श्रुतीच्या प्रवेश अर्जाचा तो शेवटचा दिवस. मुदत पाच वाजेपर्यंत. सगळं भरून झालं होतं, फक्त मार्कशीटची फाइल ठरलेल्या मापापेक्षा मोठी होती. "पप्पा, हात लावू नका, जेवून आले की मी लहान करते," असं सांगून ती उठली. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस हे ऐकून गप्प बसतो का? मी फाइल लहान करायचं फुकटातलं सॉफ्टवेअर शोधलं.

ते दर पायरीला काहीतरी विचारायचं. मी कचेरीत सह्या केल्या तशाच पद्धतीनं (म्हणजे न वाचता) 'नेक्स्ट' दाबत गेलो. फाइल लहान झाली. सोबत ब्राउझरच्या डोक्यावर तीन पट्ट्या आल्या : हवामान, राशिभविष्य आणि कुपनं.

जेवून येऊन श्रुतीनं अर्जाचं पान उघडलं, तर चपलांचं दुकान आलं. परत उघडलं, तर वजन कमी करायचा काढा.

"पप्पा, काय केलंत?"

"फाइल लहान केली."

आतून बायको म्हणाली, "तरी म्हटलं होतं, आधी यांना जेवायला बसव."

मी एक पट्टी काढायला गेलो, तर ती चौथीला घेऊन आली. श्रुती रडली असती तरी चाललं असतं. ती नुसती घड्याळाकडं बघत होती.

उस्मानपुऱ्यातल्या घरून औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाकडं स्कूटर काढली. बंद केला तर पुन्हा चालू व्हायचा नाही या धास्तीनं उघडा लॅपटॉप छातीशी धरून श्रुती मागं बसली. सिग्नलला थांबलो तसा लॅपटॉप मोठ्यानं ओरडला, "अभिनंदन! तुम्ही जिंकलात!" शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मुबारक हो, चाचा."

दुकानवाल्या युनूसभाईंनी एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"अंकल, नेक्स्ट-नेक्स्ट मारत गेले ना?"

"व्हय."

"लई लोक येतात असे. सोबतच्या फालतू गोष्टींवर टिक आधीच मारलेली असते. 'कस्टम', म्हणजे आपलं आपण निवडायचं, ते घ्यायचं, एकेक ओळ वाचायची, नको ती टिक काढायची. और जिसने बनाया उसी की साइट से लेना, बीचवाले से नहीं."

बोलता बोलता त्यांनी चारही पट्ट्या उपटल्या. पाचला आठ मिनिटं असताना अर्ज गेला. श्रुतीनं पहिल्यांदा श्वास सोडला. मीही.

घरी आल्यावर तिनं लॅपटॉपवर माझं वेगळं खातं काढलं. त्यात पेपर वाचता येतो, पत्ते खेळता येतात. नवीन काही टाकायला गेलं की तिचा पासवर्ड मागतं. लॅपटॉप माझ्या पैशांचा, घर माझं, आणि खात्याला तिनं नाव दिलंय, 'पाहुणे'.