पाठमोरे अप्पा

उमापूरच्या स्टँडवर मी एस.टी.त बसले, तेव्हा अप्पा समोरच्या कापड दुकानाची पाटी रंगवत होते. तोंड पाटीकडे, पाठ माझ्याकडे. हातात तो चौकोनी आरसा. अक्षरं वाकडी गेलीत का, ते त्यात बघून तपासायचे. मी खिडकीतून हाक मारली. आरसा जरासा वर गेला, मान काही वळली नाही. गेवराई येईपर्यंत मी रडले, दुःखानं कमी आणि रागानं जास्त.

आमचं बापलेकीचं भांडण महिनाभर चाललं होतं. अप्पांचं एकच, "चित्रंच काढायचीत ना? मग मी शिकवतो की. पुण्याला कावून जायचं? लई शहानी झालीस!"

पुण्यात चित्रकलेच्या वर्गात सरांनी पहिलं काम काय दिलं, तर नक्कल! शेकडो वर्षांपूर्वीच्या एका परदेशी म्हातारीचं पोर्ट्रेट, ऑइलमध्ये हुबेहूब उतरवायचं. जमलं तर पुढचा वर्ग, नाहीतर गाव. हे अप्पांना कळलं तर ते हसतील, म्हणून मी फोनवर आईशीच बोलायचे. रंगात घालायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की तिची जवसाची चटणी आठवायची आणि मेसची डाळ आणखीच पातळ लागायची.

शेवटच्या दिवशी सुरकुत्या, ओठ, डोक्यावरचं फडकं, सगळं जागेवर होतं. तरी म्हातारी माझ्याकडे बघेना. कुठं चुकतंय तेच सापडत नव्हतं. तासाभरात सर येणार होते.

नाइलाजानं अप्पांची युक्ती आठवली. मैत्रिणीचा आरसा घेतला, चित्रासमोर उभी राहिले, आरसा वर धरला. त्यात चित्र नव्हतंच. माझ्यामागचं दार होतं.

म्हणजे चित्र बघायचं तर चित्राकडे पाठ करायला हवी. वळले, आणि चूक लगेच दिसली. डावा डोळा किंचित वर गेला होता. पण ब्रश उचलवेना. त्या दिवशी स्टँडवर अप्पांचं तोंड पाटीकडे होतं. मग त्यांच्या आरशात पाटी कशी असेल?

कसाबसा डोळा खाली आणला. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि "चल पुढं" एवढंच म्हणाले.

मी आईला फोन लावला. "अप्पांना दे."

"बोल."

"अप्पा, त्या दिवशी आरशात काय दिसलं?"

"रडत व्हतीस. खिडकी लाव म्हनायचं राहिलं. लई धूळ हाय त्या रस्त्याला."

अजूनही घर म्हटलं की मला आधी ती पाठच दिसते. राग मात्र येत नाही.