क्लचवरचा पाय

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले तेव्हा सासऱ्यांच्या दारात हिरवट रंगाची एक जुनी गाडी उभी होती. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणत असे. ते एका कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते आणि मालकाने वापरून जुनी केलेली ही गाडी त्यांनी निवृत्त होताना विकत घेतली होती. तिच्यावर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा घरातल्या कुणावर नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. घरात होतंच कोण म्हणा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा सरकारी नोकरीत, बदली बैतूलला, पंधरा दिवसांतून एकदा तोंड दाखवणार. मी गावातल्याच एका शाळेत शिकवत होते. म्हणजे घरात आम्ही दोघं आणि दारात ती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

दर शनिवारी मामाजी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जात, आणि अनवाणी जात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा बोललेला नवस होता तो : ती बरी होईपर्यंत दर शनिवारी अनवाणी येईन. त्या बऱ्या झाल्याच नाहीत. आता नवस पुराच झाला नाही, तर तो सोडायचा कसा? मामाजींनी हे कुणाला विचारलं नाही आणि मी विचारलं असतं तर माझ्यावरच उखडले असते. शनिवारी दुपारी चप्पल उंबऱ्याशी निघायची, ती परत आल्यावरच पायात जायची. गाडीही ते अनवाणीच चालवत. क्लचच्या पेडलवरचं रबर केव्हाच निघून गेलेलं होतं, नुसतं लोखंड उरलं होतं. पण मामाजींना त्याचं काही वाटत नसे.

शनिवारी माझी सकाळची शाळा असे, त्यामुळे मीही बरोबर जायची. भक्ती म्हणाल तर माझी बेताचीच. पण आठवडाभर ‘जेवली का’ यापलीकडे न बोलणारा हा माणूस गाव मागे पडलं की बोलायला लागायचा. सासूबाई संत्र्याच्या साली वाळवून काय काय करायच्या, कुणाच्या लग्नात रुसल्या होत्या, सगळं जामसांवलीला जाणाऱ्या त्या सौंसरच्या रस्त्यावरच मला कळलं. घरात त्यांचं नावही ते काढत नसत. शनिवार बंद झाला तर या माणसाजवळ काही उरायचं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

घरी परत आलो की दर्शन करून आलेल्या माणसाच्या पाया पडायचं, ही सासूबाईंच्या वेळची रीत. मामाजी दार उघडून, पाय बाहेर काढून सीटवर जरा टेकलेले असत. मी माझ्या बाजूने उतरून बॉनेटला वळसा घालून यायची, त्यामुळे त्यांचा डावा पाय आधी हाताला लागे. हात लागला रे लागला की वरून ‘सुखी राहा’ यायचं. डोळे मिटलेले असले तरी यायचं.

मग एका उन्हाळ्यापासून ते येईनासं झालं. त्यांचं लक्ष माझ्याकडे असलं तर म्हणत. चष्मा पुसत असले, दुसरीकडे बघत असले, तर मी वाकून, हात लावून, उठून उभी राहिले तरी गप्प. मी मनाशी ठरवलं की आपल्यावर राग आहे. सुनेनं नोकरी करावी हे त्यांना मनापासून पटलेलं नव्हतं, त्यात लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हललेला नव्हता. मीही काही कमी नाही. मग मीही आठवडाभर तोंड फुगवून वावरायची, भाकरी ताटात जरा जोरातच वाढायची. आणि रात्री अंथरुणात रडायची, कारण मला त्यांचा आशीर्वाद हवा होता.

त्याच सुमारास गाडी बिघडली. गावाबाहेरचा चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. कापडावर इस्त्री जास्त वेळ राहिल्यासारखा करपट वास यायचा. मामाजींनी आधी पेट्रोलला दोष दिला, मग प्लग बदलले, मग रस्ता करणाऱ्या खात्याचा उद्धार केला. गाडी सोडून सगळ्यांची चूक निघाली. एका शनिवारी मागून आलेला लाकडाचा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि त्याचा क्लीनर हसला, तेव्हा कुठे ते गाडी मिस्त्रीकडे न्यायला तयार झाले.

मिस्त्रीचं टिनाचं शेड स्टेशनकडे होतं, मालगाडीत संत्र्याच्या पेट्या भरतात त्या बाजूला. बडबड्या माणूस. त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. खरं तर गाडी जागेवर अडलेली असताना क्लच सोडला की इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं. ते मजेत चालत राहिलं. म्हणजे इंजिन फिरतंय, पण त्याचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही, मधली क्लचप्लेट नुसती घसरतेय. मग त्याने पेडल बोटांनी दाबून पाहिलं. पहिला इंचभर ते ढिलं लागायला हवं होतं, ते लगेच ताठ लागलं. त्याने खालचा नट फिरवून ढील दिली, पण पुढच्याच महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा गिअरबॉक्स उतरवला. प्लेटवरचं अस्तर झिजून ते धरून ठेवणारी रिबिटं वर आली होती. नागपूरहून नवी प्लेट एसटीने मागवली, बसवली, आणि मामाजी लहान पोराला नवे कपडे मिळावे तसे खूश झाले.

ती प्लेट दिवाळीपर्यंतही टिकली नाही. तोच वास, तोच आरडाओरडा. मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढून विचारलं की बाबूजी, पाय क्लचवर ठेवून तर गाडी चालवत नाही ना, तशाने प्लेट घसरत राहते आणि झिजते. झालं. मामाजी असे बिघडले की शेजारचा पंक्चरवाला काम सोडून बघायला आला. तू चड्डीत होता तेव्हापासून मी गाडी चालवून राहिलो, मला शिकवतो का, प्लेटच डुप्लिकेट आणली असेल. मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला. ते रागारागाने कोपऱ्यावर पान खायला गेले, तेव्हा तो मला हळूच म्हणाला, “बाई, तुम्ही बाजूला बसता न. एक बार त्याइच्या पायाकडे पाहा.”

गाडी रडतखडत चालत होती आणि शनिवार चुकवणं मामाजींना मान्य नव्हतं. निघालो. त्या दिवशी मी देवाकडे जायला निघाले होते की चोर पकडायला, मला माहीत नाही. गाव संपलं, दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चाललेली, मामाजी सासूबाईंच्या माहेरची कसलीशी गोष्ट सांगत होते. मी खाली बघितलं. डावा पाय क्लचवर होता. नुसता टेकलेला नव्हता, चांगलाच भार टाकून ठेवला होता.

“मामाजी, पाय क्लचवर आहे.”

“खाली आहे न,” ते म्हणाले, रस्त्यावरची नजर न काढता.

“नाही. पाहा तुम्ही.”

त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. राग बिलकूल नव्हता. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून त्यांनी तो पाय उचलला आणि खाली ठेवला. “हा केव्हा गेला वर?” त्यांनी मलाच विचारलं.

मग म्हणाले, तू हात लाव बरं याला. आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. मी वाकून त्यांच्या पायावर हात ठेवला, पूर्ण तळवा ठेवला. मी जरा दाबलं. रस्त्यावरून एक बैलबंडी गेली.

“लावला का?” त्यांनी विचारलं.

माझा हात त्यांच्या पायावरच होता. तेवढ्या वेळात मला गेल्या उन्हाळ्यापासूनचे सगळे शनिवार दिसले, मी वाकलेली आणि ते चष्मा पुसत असलेले. हा माणूस माझ्यावर रागावलेला नव्हता. मी त्यांना हात लावला होता, हेच त्यांना कळलेलं नव्हतं.

पाय उचलून पाहिला तर तळव्याला, बोटांच्या जरा खाली, पेडलच्या कडेनं पडलेली जखम होती. कडा काळ्या पडल्या होत्या. पेडलच्या लोखंडावरचा तपकिरी डाग मी इतके दिवस गंज समजत होते. त्या शनिवारी दर्शन झालं नाही. मला गाडी येत नव्हती, म्हणून त्यांनीच ती वळवली आणि दर थोड्या वेळाने खाली पायाकडे बघत, एखाद्या शिकाऊ माणसासारखी, घरी आणली.

गावातल्या डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं, आणि ती बरीच जुनी असावी, तिनेच पायाची जाणीव गेली असंही. मामाजी म्हणाले, मी तर गोड खातच नाही. नागपूरला नेलं. आधी दोन बोटं काढली, मग जखम वर चढत गेली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मिस्त्रीनं नवी प्लेट बसवली का, हा. मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन ओक्साबोक्शी रडले.

मिस्त्रीनं प्लेट बसवली आणि पेडलला नवं रबरही लावलं. नवऱ्याचा विचार गाडी विकून टाकावी असा होता. मी म्हटलं, मी शिकते. गावात बायांनी नाकं मुरडली, मुरडू दे. मामाजी कुबड्या मागच्या सीटवर टाकून माझ्या बाजूला बसायचे आणि शिकवायचे. शिक्षक म्हणून अत्यंत वाईट. सारं लक्ष माझ्या डाव्या पायावर. गिअर पडला की क्लच पूर्ण सोड, पाय खाली ठेव, खाली म्हणजे खाली, दिसला पाहिजे मला. मी चिडायची, पण पाय खाली ठेवायची.

फाल्गुनात पहिल्यांदा आम्ही जामसांवलीला गेलो. निघताना मी त्यांच्यासारखीच चप्पल उंबऱ्याशी काढली, तर त्यांनी ती कुबडीनं माझ्याकडे सरकवली आणि नवस माझा आहे, तुझा नाही, एवढंच म्हणाले. त्यांचा स्वतःचा एक पाय अनवाणी होता. गावाबाहेरचा चढ गाडी न कुरकुरता चढली. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते खाली बघत होते. त्या दिवशी सासूबाईंची एकही गोष्ट निघाली नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडून पाय बाहेर काढला आणि टेकून बसले. मी बॉनेटला वळसा घालून गेले. आता ते दुसऱ्या बाजूला बसलेले, त्यामुळे उजवा पाय आधी लागला. ते गल्लीच्या टोकाकडे बघत होते, तरी हात लागताच म्हणाले, “सुखी राहा.”

मी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, “डावा राह्यला.”

मी वर बघितलं. त्यांना भ्रम झालेला नव्हता. ते माझ्याकडेच बघत होते.

“कापला तेव्हापासून त्याले सारं समजते,” ते म्हणाले. “चढावर क्लचचं लोखंड लागून राह्यलं होतं मले. लाव हात.”

उजव्या पायाशेजारी, जिथे डावा असायला हवा होता तिथे, मी हात पुढे केला आणि हवेतच थांबवला. मामाजींनी डोळे मिटले.

“सुखी राहा,” ते म्हणाले.