छपराचं गवत

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. कॉलेजला जाण्यासाठी मी फाट्यावर एसटीची वाट बघायचो, तेव्हा एक म्हातारी रोज दिसायची. स्वतःच्याच झोपडीच्या छपराचं गवत ती उपसायची, गुडघ्यावर आपटून त्याची काजळी झाडायची आणि म्हशीपुढं टाकायची.

एकदा मी भीतभीत विचारलं, "आजी, पाऊस आला तर?"

"आला तर भिजंन की! म्हशीला काय सांगू, दम धर म्हणून?"

छप्पर कशासाठी असतं, हे मला तोवर माहीत आहे असं वाटत होतं.

महिनाभरात वर नुसते बांबू उरले. मग एका सकाळी खुंट्याला म्हैस नव्हती, नुसतं दावं पडलं होतं. म्हातारी उन्हात बसून शेवटची मूठ गुडघ्यावर आपटत होती. काजळी केव्हाच झडून गेली होती.