त्यांच्या डाव्या हाताची लिनक्स

माझे यजमान अलिबागच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करतात. अर्धांगाचा हलका झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं परतलं, चालणं परतलं, हात मात्र मांडीवर पडून राहिला. शेजारचा टायपिस्ट त्यांचं टेबल सांभाळत होता, पण किती दिवस सांभाळणार?

डाव्या हाताने काम जमवायचं ठरलं. घरचा लॅपटॉप जुना, नवी विंडोज त्याला पेलेना. मी शाळेच्या कचेरीत आहे. तिथे विंडोजऐवजी लिनक्स असल्याने मला तिची भीती नव्हती. पण लिनक्सचे प्रकार ढीगभर, त्यातला कुठला घ्यायचा? मी यादी केली. मराठी टाइपरायटरचा कळफलक हवा, कारण त्यांची बोटं दुसरा ओळखत नाहीत. शिफ्ट आधी दाबून सोडता यावी, मग अक्षर. प्रिंटर चालावा. आणि हवं ते हवं तसं बदलता यावं. ही शेवटची गरज माझी होती, त्यांची नव्हती. यादीत ती कशी घुसली, ते माझं मलाच माहीत.

म्हणून मी सगळं आपल्या हाताने जुळवायचा प्रकार निवडला. दोन रविवार खपले. अक्षरं मोठी केली, वकीलपत्राचा मसुदा एका कळीवर आणला, मागे निळ्या समुद्राचं चित्र लावलं.

"हेडक्लार्कबाई, कोर्टसुद्धा तुम्हीच चालवा आता," ते म्हणाले.

आठवडाभर ते रोज थोडं थोडं टाइप करत होते. गुरुवारी मी सकाळी अपडेट चालवला, डबा भरला आणि शाळेत गेले. संध्याकाळी परत आले तर ते लॅपटॉपसमोर बसलेले.

"काय झालं हो?"

"अगं, माझी वेलांटी गेली."

टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. तीस वर्षांची सवय. पडद्यावर सगळ्या पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या होत्या.

"सकाळपासून बघतोय. हात गेला, आता डोकंही चाललं वाटतं."

अपडेटमध्ये कळफलक बदलला होता. मी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसल्याचं दिसलं नाही. दिवसभर त्यांनी मला फोनही केला नव्हता. मी कामात असेन म्हणून.

त्याच संध्याकाळी मी मिंट नावाची दुसरी लिनक्स टाकली. साधी, मूळच्या मांडणीत राहणारी. त्यात दोनच बदल केले, कळफलक आणि शिफ्ट. मोठे अपडेट यापुढे फक्त मी शेजारी बसलेली असताना.

"समुद्र कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला. वेलांटी बघा आधी."

त्यांनी डाव्या हाताने सावकाश एक ओळ टाइप केली: मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, विनंती अर्ज. ती पुन्हा वाचली. मग मला वाचायला लावली. सगळ्या वेलांट्या जागच्या जागी होत्या.

"म्हणजे मशीनच होतं," ते म्हणाले.

"मशीनही नव्हतं. मी होते."

ते हसले आणि पुढची ओळ टाइप करायला लागले.

सोमवारी मी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि त्यांना टेबलापर्यंत सोडलं. थळ गावच्या एक बाई कागद घेऊन आधीच उभ्या होत्या. बाईंनी यजमानांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

"भाऊ, येळ लागंल का?"

"लागेल," ते म्हणाले. "बसा."

बाई बसल्या.